मागची खोली कोणाची

कोर्टातल्या अर्जाच्या चौदाव्या पानावर लिहिलं होतं की सदर खोलीत कंपनीच्या खर्चानं ठोकलेला एक खिळासुद्धा नाही. आणि अर्वेला गिप्सन हे वाक्य वाचत होती तेवढ्यात मागच्या खोलीतला एसी धडधडून सुरू झाला. ती दचकली. खरं तर दचकण्यासारखं काही नव्हतं. ऑगस्ट महिन्यात टायलर गावात एसी सुरू झाला ही काय बातमी झाली? खिडकीत बसवलेलं ते जुनं धूड गेली सात वर्षं दिवसातून वीसदा असंच खोकत जागं व्हायचं, जरा वेळ घरघरायचं आणि पुन्हा गप्प व्हायचं. पण आज तिनं बर्फाच्या गोड चहाचा ग्लास खाली ठेवला, ओळीवरचं बोट तसंच ठेवून कान दिला. एक खिळासुद्धा नाही, असं बोटाखाली होतं. एसी घरघरत होता. आणि तिला आठवलं की तो एसी कंपनीनं घेऊन दिलेला आहे.

दुसरी एखादी असती तर घाबरली असती. अर्वेलाही घाबरली, पण नंतर. आधी तिला नवल वाटलं. एवढी मोठी, दोन माणसांनी उचलावी लागणारी वस्तू आपण विसरलो कशा? तिचा स्वभावच चौकस. लहानपणी बापाचं घड्याळ उघडून तिनं मार खाल्ला होता, आणि मार खाताना ती मोजत होती की बाप प्रत्येक फटक्याला डोळे मिटतो की एकाआड एक. तिनं पानं उलटून शेवटाला जोडलेलं स्वतःचं प्रतिज्ञापत्र काढलं. ‘या खोलीसाठी कंपनीने मला कोणतीही वस्तू दिलेली नाही.’ खाली तिची सही, वळणदार, शेपटीवाली. तारीख फेब्रुवारीची. आणि मग तिच्या लक्षात आलं. फेब्रुवारीत एसी बंद होता. थंडीचं वारं आत येऊ नये म्हणून तिनं त्याच्यावर दिवंगत नवऱ्याची, क्लोव्हिसची, जुनी गोधडी टाकली होती. कंपनीच्या वकिलानं विचारलं तेव्हा तिनं डोळे मिटून खोली डोळ्यांपुढे आणली, फडताळं पाहिली, खोकी पाहिली, आणि खिडकीपाशी फक्त एक गोधडी दिसली. काखेत कळसा म्हणतात तो असा. खोटं ती बोलली नव्हती. पण कागदावर मात्र ते खोटंच होतं, शपथेवर होतं, आणि आता ते वॉशिंग्टनला तीन न्यायाधीशांच्या टेबलावर जाऊन बसलं होतं.

प्रकरण तसं सोपं होतं. वकिलांनी ते अवघड केलं होतं. अर्वेला एकोणीस वर्षं एका कंपनीचे पंप विकत होती. दंडाला चिकटवायचा, औषध थेंबाथेंबानं सोडणारा छोटासा पंप. कंपनी दूर उत्तरेला, मिनेसोटातल्या डुलूथची. त्या पंपाची कल्पना आमची, पेटंट आमचं, असं म्हणत कोणीतरी कंपनीवर दावा लावला, आणि तो लावला इथे, पूर्व टेक्ससमध्ये, टायलरहून तासाभरावरच्या मार्शलच्या कोर्टात. इथले ज्युरी पेटंटवाल्यांना सढळ हातानं भरपाई देतात अशी ख्याती. म्हणून जगभरची भांडणं त्या चिमुकल्या गावाच्या चौकात येऊन पडतात. दावा लावणाऱ्यांचंही मार्शलमध्ये ऑफिस होतं. अर्वेला मुद्दाम वाट वाकडी करून ते पाहून आली होती: दार, दारावर पाटी, काचेतून आत एक खुर्ची आणि कुंडीत खोटं झाड. माणूस नाही. पण कायदा त्यांच्या खुर्चीचं काही विचारत नव्हता. कायदा विचारत होता की ज्याच्यावर दावा लावला त्या कंपनीची या जिल्ह्यात स्वतःची, कायमची, धंद्याची जागा आहे का? असेल तर खटला इथे चालेल, नसेल तर इथून हलेल. आणि या अख्ख्या जिल्ह्यात कंपनीचं म्हणण्यासारखं काही होतं तर ती अर्वेलाच्या घराची मागची खोली. मार्शलच्या न्यायाधीशांनी सांगितलं, ती कंपनीचीच जागा. खटला इथेच चालेल. म्हणून कंपनी वॉशिंग्टनला वरच्या कोर्टात परमादेश मागायला गेली. परमादेश म्हणजे वरच्यानं खालच्याचा कान धरून सांगायचं की बाबा रे, हे तुझं काम नव्हे, सोड. असा आदेश क्वचितच मिळतो, असं वकील म्हणाला होता. कान धरणंही सोपं नसतं, ज्याचा धरायचा तोही न्यायाधीश असतो.

मार्शलच्या न्यायाधीशांनी तसं का म्हटलं, याचं कारण अर्वेलाला ठाऊक होतं, आणि आठवलं की तिचे कान तापायचे. पास्टरांच्या सेवेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा चर्चनं पुस्तिका काढली होती. अशा पुस्तिकेत सगळे शुभेच्छांची जाहिरात देतात. केशकर्तनालय देतं, प्रेतं पुरणारा देतो, चिकन तळणारा देतो. नुसतं ‘गिप्सन कुटुंब’ लिहून पाव पानाची जागा घेणं तिच्या जिवावर आलं. तिनं अर्धं पान घेतलं. वर कंपनीचं नाव, खाली ‘टायलर ऑफिस’, त्याखाली स्वतःच्या घराचा पत्ता. तिला कोणी सांगितलं नव्हतं. डुलूथला कोणाला पत्ताही नव्हता. पुस्तिका छापून आली त्या रविवारी ती पुढच्या बाकावर बसली आणि बायका पानं उलटताना कुठे थांबतात ते तिरक्या नजरेनं पाहत राहिली. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी ही पुस्तिका कुठून शोधली देव जाणे. न्यायाधीशांच्या निकालपत्रात तिच्या शुभेच्छा आल्या होत्या, पास्टरांच्या नावासकट.

पण तिला आत कुठेतरी टोचत होतं ते वेगळंच. कंपनीच्या अर्जात, एसी नसलेल्या त्या खोलीच्या वर्णनानंतर लिहिलं होतं: ‘सदर कर्मचारी स्वेच्छेने टायलर येथे राहतात. त्या उद्या अन्यत्र राहावयास गेल्या तरी कंपनीस त्याच्याशी काही कर्तव्य नाही.’ ही ओळ तिनं आतापर्यंत चारदा वाचली होती. स्वेच्छेने! क्लोव्हिस गेला तेव्हा, दोन हजार नऊच्या हिवाळ्यात, ती निघालीच होती. ह्यूस्टनला रेनाटानं, तिच्या एकुलत्या एका मुलीनं, मम्मासाठी खोली तयार केली होती. पिवळा रंग लावला होता. रेनाटाला सहावा महिना होता, त्या पोटानं ती शिडीवर चढली होती म्हणून अर्वेला फोनवर ओरडली होती. आणि मग तिनं डुलूथला तिचे साहेब नॉर्म लिंडाल यांना फोन केला, आणि लिंडाल म्हणाले, तू गेलीस तर टायलरचं कोण बघणार? म्हणून ती राहिली. रेनाटाला तिनं तसंच सांगितलं: “कंपनी सोडत नाही गं मला.” इमानी नावाची नात झाली, रांगली, चालली, शाळेत गेली, अर्वेला साडेतीन तास गाडी हाणत जायची, केक पोचवायची आणि उजेड असतानाच परत निघायची, कारण सकाळी हॉस्पिटलात कोणाला तरी पंप दाखवायचा असे. त्या पिवळ्या खोलीत ती एक रात्र झोपली नाही. आणि आता हे म्हणतात, स्वेच्छेने. नऊ वर्षं आपण नक्की कोणाच्या जागेत राहिलो, हा प्रश्न तिला आजवर पडला नव्हता, आणि आता पडला तर तीन अनोळखी न्यायाधीशांच्या आधी त्याचं उत्तर तिलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती चौकातल्या ब्रॉडनॅक्स वकिलाकडे गेली. बाहेरच्या मोठ्या वकिलांना इथलं एक माणूस लागतं, इथल्या बोलीत बोलणारं, न्यायाधीशांच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी करणारं. कंपनीचं ते माणूस म्हणजे ब्रॉडनॅक्स. सत्तरीचा, पट्ट्याऐवजी खांद्यावरून बंद लावणारा. अर्वेलाच्या दिवंगत आईला ओळखणारा, आणि इथल्या रीतीनं लग्न झालेल्या बाईलाही आदरानं ‘मिस’ म्हणणारा.

“या, मिस अर्वेला,” तो अर्धवट उठत म्हणाला. “चेहऱ्यावरून वाटतंय की एकतर कोणी वारलं, नाहीतर तुम्हाला काहीतरी आठवलं.”

“आठवलं.”

“वारलं असतं तर बरं होतं. बसा.”

तिनं एसीचं सांगितलं. दोन हजार अकराचा उन्हाळा. सलग दोन महिने अंगाची लाही झाली होती, पाइनची झाडं उभ्या उभ्या तांबडी पडली होती. खोलीतल्या खोक्यांत पंप चिकटवायच्या पट्ट्या होत्या, त्यांचा गोंद वितळला आणि शंभर पट्ट्या एकमेकींना चिकटून त्यांचा लाडू झाला. लिंडाल म्हणाले, घेऊन टाक एसी, कंपनीच्या कार्डावर घे. तिनं घेतला. ब्रॉडनॅक्सनं ऐकता ऐकता चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला नाही.

“मिस अर्वेला, वकिलाला दोन साक्षीदारांची भीती वाटते. एक खोटं बोलणारा. दुसरा उशिरा खरं बोलणारा. पहिल्याची सवय असते हो.”

“मग मी काय करायचं होतं? गप्प बसायचं?”

“छे, छे. बसलाही असतात, पण मग तुम्ही तुमच्या आईची मुलगी नसतात.” त्यानं वही ओढली. “मला आजच वॉशिंग्टनला पत्र लिहावं लागेल. आमच्या अर्जात चूक आहे म्हणून. डुलूथचे लोक नाचणार नाहीत, हे सांगून ठेवतो. अर्ज बुडाला तर खटला इथे चालेल आणि त्यांना वाटेल तुम्ही बुडवला. तुमच्या निवृत्तीला किती राहिलंय?”

“तीन वर्षं.”

“हं,” तो म्हणाला, आणि त्या हंकाराचा अर्थ विचारायची तिला गरज वाटली नाही. मग तो पुढे झुकला. “आता आलाच आहात तर सगळं एकदम सांगा, हप्त्याहप्त्यानं नको. कंपनीनं कधी, तोंडी का होईना, म्हटलं होतं का, की तुम्ही टायलरातच राहायला हवं? एसीपेक्षा ते महत्त्वाचं. एसी म्हणजे वस्तू. पण राहण्याची सक्ती असेल तर ती जागा त्यांची, तिथे वाद संपला.”

याच प्रश्नासाठी ती आली होती, असं तिला वाटत होतं. गाडीत तिनं उत्तर घोकलं होतं: हो, म्हटलं होतं, लिंडाल साहेब म्हणाले होते. नोकरी गेली तर जाऊ दे, पण स्वेच्छेने हा शब्द त्या कागदावरून जायला हवा. तिनं तोंड उघडलं. आणि तिची खोड आडवी आली. नक्की कोणत्या शब्दांत म्हणाले? एसी आपण विसरलो होतो, मग हे तरी नीट आठवतंय कशावरून? “एक मिनिट,” ती म्हणाली, आणि ब्रॉडनॅक्सच्या टेबलावरच्या पितळी पेपरवेटकडे पाहत राहिली. स्वयंपाकघर. ओट्यावर शेजारणींनी आणलेले सांत्वनाचे पाच केक, त्यातले तीन एकाच चवीचे. खिडकीच्या जाळीवर एक गांधीलमाशी, हिवाळ्यात वाट चुकलेली, काच आणि जाळी यांच्यामध्ये चालत होती. अर्वेलाच्या हातात फोन. ती म्हणते, मी ह्यूस्टनला जावं म्हणते. लिंडाल, उत्तरेकडच्या माणसांसारखे मोजकं बोलणारे. ते म्हणतात, समजू शकतो. इथपर्यंत सगळं जागच्या जागी होतं. आता त्यांनी म्हणायला हवं होतं: टायलरचं कोण बघणार? पण ते म्हणत नव्हते. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. केक, माशी, फोन. समजू शकतो, आणि नंतर: “मार्चमध्ये ह्यूस्टनची जागा रिकामी होतेय. हवी असेल तर तुला देतो.” एवढं स्पष्ट. जाळीवरची माशी थांबली होती तेही तिला दिसलं. टायलरचं कोण बघणार, हे लिंडालनी विचारलंच नव्हतं. ते तिनं विचारलं होतं. आणि ते शांतपणे, तिला धीर द्यावा म्हणून म्हणाले होते, “त्याची काळजी नको करूस. टायलरला मिळेल कोणीतरी.”

कोणीतरी! तो शब्द आता, नऊ वर्षांनी, ब्रॉडनॅक्सच्या ऑफिसात तिला पुन्हा तसाच लागला. तीन हॉस्पिटलांतल्या नर्सा तिला लिफ्टमध्ये पाहून म्हणायच्या, आली बघा पंपवाली. डॉक्टर तिची वेळ विचारून स्वतःची ठरवायचे. क्लोव्हिसच्या आजारात चौदा महिने ती घरी बायको होती, परिचारिका होती, धोबीण होती; बाहेर पडून गाडीत बसली की मात्र ती कंपनी असायची. ह्यूस्टनला ती काय असणार होती? पिवळ्या खोलीतली विधवा आई, बाळाच्या लंगोटांच्या घड्या घालणारी. मोठ्या शहरात पंपवाल्या छप्पन असतील. आणि इथे टायलरला तिच्या जागी कोणीतरी. तिनं त्याच फोनवर सांगून टाकलं होतं, “नको साहेब, मी इथेच राहते.” मग फोन ठेवला, एका केकचा तुकडा कापला, उभ्यानं खाल्ला, आणि रेनाटाला फोन लावला. तिथे वाक्यं उलटीपालटी झाली. लाज वाटली म्हणून झाली. लेकीपेक्षा आपल्याला आपली पाटी प्यारी, हे कुठल्या आईला तोंडानं सांगता येतं? सांगितलं नाही, आणि मग इतक्या वेळा सांगितलं नाही की स्वतःलाही ते ऐकू येईनासं झालं.

“मिस अर्वेला?”

“नाही,” ती म्हणाली. “कंपनीनं कधी म्हटलं नाही. ह्यूस्टनची जागा देत होते मला. मीच राहिले.”

ब्रॉडनॅक्सनं सुटकेचा श्वास टाकला आणि लिहायला लागला. त्याच्या दृष्टीनं ही त्या दिवसातली पहिली चांगली बातमी होती. “हेही पत्रात घालतो. खरं उशिरा आलं तरी जोडीनं आलेलं बरं,” तो म्हणाला. त्याला तिच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं असावं, कारण दाराशी पोचवताना तो उगाच तिच्या आईच्या भेंडीच्या लोणच्याबद्दल बोलत राहिला.

पुढचे पाच आठवडे डुलूथहून एक शब्द आला नाही. ती हॉस्पिटलांत जात राहिली. मात्र एक नवीनच छंद तिला जडला: ती मागच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसायची आणि वस्तू बघायची. हे फडताळ क्लोव्हिसनं केलेलं, हे माझं. ही खोकी त्यांची. हा पडदा माझा. एसी त्यांचा, पण वीज माझी. मग गारवा कोणाचा? कोर्टात कोणी हे विचारलं नव्हतं, पण तिला ते विचारावंसं वाटे, आणि विचारताना पूर्वीसारखा राग येत नसे. रेनाटाला फोन करायचं ती रोज ठरवायची. कोर्टाचं आधी लागू दे, मग करू, असं म्हणायची. कोर्टाचा आणि त्या फोनचा काय संबंध होता? काही नाही. चालढकल करणाऱ्याला कारण लागतं, आणि तिच्याकडे तर वॉशिंग्टनचं होतं.

आदेश सप्टेंबरच्या शेवटी आला. ब्रॉडनॅक्सनं स्वतः आणून दिला, पायरीवर उभ्यानं. “मिळाला,” तो म्हणाला. “चाळीस वर्षांत मी असे चारच पाहिलेत. खटला निघाला मिनेसोटाला. गोठोत तिकडे. आणि डुलूथच्या लोकांना आता तुम्ही फार प्रामाणिक वाटताय, म्हणजे तीन वर्षांची काळजी मिटली. लोक असेच असतात.” अर्वेलानं त्याला चहाला आत बोलावलं, पण त्याला कुठेतरी जायचं होतं. ती स्वयंपाकघरात येऊन वाचायला लागली. नऊ पानं होती. एसीवर एक पूर्ण परिच्छेद होता. नमुने गार राहावेत म्हणून दिलेल्या एका यंत्रानं घर कंपनीचं होत नाही, असं तिघांचं मत पडलं होतं. पास्टरांच्या पुस्तिकेलाही त्यांनी हळुवारपणे बाजूला ठेवलं होतं: एखाद्यानं आपल्या घराला अभिमानानं काय म्हणावं हा त्याचा प्रश्न. आणि शेवटी: ‘सदर कर्मचाऱ्यास अन्य शहरी जागा देऊ केली असता तिने ती नाकारली. खोली तिची आहे. तेथे राहण्याचा निर्णय सर्वस्वी तिचा होता.’ खाली सह्या नव्हत्या, नुसता शिक्का. तिनं ते पान दोनदा वाचलं आणि फोन उचलला. सकाळचे अकरा वाजले होते. रेनाटाला आज कामावरून सुट्टी होती.

“मम्मा? या वेळी? सगळं ठीक ना?”

“ठीक आहे. तुला एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझं राहून जाईल.” तिनं आदेशाचं शेवटचं पान समोर ओढलं. “कंपनीनं मला कधी अडवलं नव्हतं. तुझा बाप गेला तेव्हा लिंडाल साहेब मला ह्यूस्टन देत होते. मी नको म्हटलं. तुला खोटं सांगितलं.”

पलीकडे भांडी लावल्याचा आवाज येत होता, तो थांबला. “मला माहीत आहे,” रेनाटा म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“हेच. मी फोन केला होता त्यांना तेव्हा. माझ्या आईला सोडा म्हणून भांडायला. बिचारे गडबडले. म्हणाले, पोरी, मी तर तिला जागा देऊ केली होती, तीच नाही म्हणाली.”

अर्वेला खुर्चीत बसली. नऊ वर्षं. एवढे केक, एवढे उन्हातले रस्ते, दारातून परत फिरताना दर वेळी म्हटलेलं ‘काय करू, कंपनी’, आणि पायरीवर उभी राहून हात हलवणारी, सगळं माहीत असलेली ही मुलगी. “मग बोलली का नाहीस गं कधी?”

“तू सांगशील म्हणून वाट बघत होते,” रेनाटा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच अर्वेलाला सोसेना. “मला वाटलं होतं, वर्षभर लागेल.”

मागच्या खोलीत एसी धडधडून सुरू झाला. अर्वेलानं तो पूर्ण बंद होईपर्यंत ऐकला.  मग तिनं विचारलं, “ती पिवळी खोली गं. तिची खिडकी कुठल्या बाजूला आहे?”

“तिच्यात आता इमानी झोपते, मम्मा.”

“हो, ते झोपू दे तिला. मी नुसतं विचारतेय.”

“पूर्वेला,” रेनाटा म्हणाली, आणि थोडं थांबून, “दोन पलंग मावतात का, ते मोजून सांगते.”